आधी ठोकळा दाखवा

पुनर्विकासाच्या सभेत पहिला विषय निघतो तो कार्पेट एरियाचा. आत्ता आहे त्यापेक्षा किती टक्के जास्त मिळणार? मग कॉर्पस, मग बांधकाम होईपर्यंतचं भाडं, मग एका फ्लॅटमागे किती गाड्यांची जागा. यावर दोन-अडीच तास वाद झाले की हॉलमधले दिवे मालवतात आणि भिंतीवर वॉकथ्रू सुरू होतो. केशरी आकाश, काचेचे कठडे, खाली हिरवळीवर पळणारी मुलं. त्या चित्रफितीत शेजारची इमारत कधीच नसते. चारी बाजूंना झाडं आणि ढग असतात.

मी पुण्यात वास्तुविशारद म्हणून काम करते. माझ्या कामाचा मोठा भाग जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाचा आहे, कधी सोसायटीची सल्लागार म्हणून, कधी विकसकाकडून. या सभांमध्ये सभासद बारकाईने प्रश्न विचारतात. टाइल कुठल्या कंपनीची, लिफ्ट किती माणसांची, बँक गॅरंटी किती रकमेची. पण या इमारतीचा आकार असाच का, हा प्रश्न क्वचित कुणी विचारतं. माझ्या मते तो सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर कागदावर किंवा पडद्यावर न मागता टेबलावर मागायला हवं.

आमच्या व्यवसायात एक साधी वस्तू असते, मॅसिंग मॉडेल. तिला खिडक्या नसतात, रंग नसतो, बाल्कन्या नसतात. फोमचा, पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा नुसता ठोकळा. इमारत किती उंच, किती जाड, प्लॉटवर कुठे उभी, शेजाऱ्यापासून किती लांब आणि या सगळ्यात मोकळी जागा उरते ती कशी, एवढंच तो सांगतो. डिझाइनच्या अगदी सुरुवातीला, खोल्यांचे नकाशे काढण्याआधी, तो करायचा असतो. वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला मुलं हे शिकतात. रॉटरडॅमचं ओएमए हे कार्यालय तर त्याच्या निळ्या फोमच्या मॉडेलांसाठीच आमच्यात ओळखलं जातं. आपल्या शहरांतल्या पुनर्विकासात मात्र ही पायरी जवळजवळ गळून गेली आहे.

त्या जागी काय होतं ते सांगते. प्लॉटचं क्षेत्रफळ, रस्त्याची रुंदी, मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण), त्यावर प्रीमियम भरून मिळणारा एफएसआय, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेले बांधकाम हक्क), मुंबईत असाल तर ३५ टक्के फंजिबल एफएसआय. एक्सेलच्या तक्त्यात हे सगळं मिळवलं की एकूण किती चौरस फूट बांधता येईल तो आकडा येतो. प्लॉटच्या चारी बाजूंची सामासिक अंतरं वजा केली की मधे एक आयत उरतो. आकड्याला आयताने भागलं की मजले आले. झाली इमारत. एलिव्हेशनच्या पट्ट्या आणि रंग नंतर चढतात. आकार ठरवायला कुणी बसलेलंच नसतं, तो हिशोबातून आपोआप बाहेर पडतो. आणि एकदा त्या आयतात ‘सभासदांना इतके टक्के जास्त’ हे आश्वासन बसवलं की मग आयत हलवायची कुणाची तयारी नसते.

शंभर वर्षांपूर्वी न्यू यॉर्कमध्ये हाच प्रश्न उभा राहिला होता. १९१५ मध्ये ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली, पदपथापासून सरळ वर चढलेली, कुठेही मागे न सरकणारी प्रचंड इमारत. आजूबाजूचे कित्येक प्लॉट तिच्या सावलीत गेले. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, शहराने नियम केला की ठरावीक उंचीनंतर इमारतीने मागे मागे सरकत जायचं. ह्यू फेरिस हा चित्रकार वास्तुविशारद १९२२ मध्ये या नियमाकडे वळला आणि त्याने कोळशाने चार चित्रं काढली. पहिल्या चित्रात होता नियमाने जास्तीत जास्त जेवढं बांधता येईल तेवढ्याचा सगळा डोंगर. दुसऱ्यात तो उजेडासाठी कापला. तिसऱ्यात तिरके उतार काढून बांधता येतील अशा पायऱ्या केल्या. चौथ्यात वापरता न येणारे भाग छाटले, तेव्हा कुठे इमारत दिसू लागली. मी विद्यार्थ्यांना ही चित्रं आवर्जून दाखवते, कारण नियमाने दिलेला आकार हा कापायला घेतलेला कच्चा माल आहे हे त्यांत लख्ख दिसतं. आपले बहुतेक पुनर्विकास फेरिसच्या पहिल्या चित्रावरच थांबतात. तोच डोंगर, त्यावर काचेचे कठडे.

कोथरूडमधल्या एका सोसायटीचं सांगते. सत्तरच्या दशकातल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारती, मधे एक जुना फणस आणि त्याच्या पारावर संध्याकाळी भरणारी बैठक. उत्तरेला लागून एक बालवाडी आणि काही बैठी घरं. पूर्वेला नुकतीच झालेली उंच इमारत. विकसकाचा प्रस्ताव एकाच लांबलचक इमारतीचा होता: खाली दोन मजली पार्किंगचा पोडियम, वर तेरा मजले, एकूण उंची ४५ मीटर. मी सोसायटीची सल्लागार होते. सभेच्या आधी आमच्या ऑफिसातल्या मुलांनी आजूबाजूची सगळी गल्ली करड्या पुठ्ठ्यात केली, १:२०० या प्रमाणात, आणि विकसकाचा प्रस्ताव पांढऱ्या फोममध्ये. साडेबावीस सेंटिमीटर उंच. हॉलच्या एका कोपऱ्यात शिडी उभी करून त्यावर दिवा लावला, कोन आधी मोजून घेतलेला.

त्या कोनामागचं गणित साधं आहे. पुणे १८.५ अक्षांशावर. २१ डिसेंबरला, सूर्य वर्षातला सगळ्यात खाली असतो तेव्हा, भर दुपारी साडेबाराच्या सुमाराला तो क्षितिजापासून ४८ अंशांवर येतो. ४५ मीटर उंच इमारतीची सावली त्या वेळी उत्तरेला ४० मीटर पडते. सकाळी साडेनऊला सूर्य जेमतेम २९ अंशांवर असतो, आणि तीच सावली वायव्येकडे ८० मीटर लांब जाते. हे आकडे मी प्रस्तावाच्या अहवालात लिहिले होते. चेअरमनसाहेबांनी ते वाचलेही होते. पण दिवा लावल्यावर बालवाडीचं अंगण, तिची घसरगुंडी आणि मागच्या तीन बैठ्या घरांची कौलं एकदम काळवंडली, तेव्हा हॉलमध्ये जी शांतता पसरली ती अहवालाने पसरली नव्हती. मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “अहो, पण आमच्या उत्तरेकडच्या घरांना तरी दिवाळीनंतर ऊन मिळेल का?” उत्तर ठोकळ्यातच होतं. मिळणार नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे सावली म्हणजे संकट नव्हे. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून मुलं मैदानात काठ्या रोवून तो बघतात, आणि त्या दिवसांत कुणाला सावली नको असते? युरोपातले उन्हाचे निकष उचलून इथे लावण्यात अर्थ नाही. पण पुण्याचा डिसेंबर गार असतो, आणि त्याहून महत्त्वाचं, पावसाळ्यानंतर ओल सुकण्यासाठी घराला उजेड आणि वारा दोन्ही लागतात. ज्या भिंतीला ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन दिसत नाही, तिच्यावर पुढच्या आषाढात बुरशी धरते. म्हणून कुठल्या महिन्यातली, किती वाजताची, कुणावर पडणारी सावली, हे वेगवेगळं बघावं लागतं. जपानने १९७६ मध्ये कायद्यातच हे आणलं: डिसेंबरच्या सगळ्यात लहान दिवशी सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळात नव्या इमारतीने शेजारच्या जमिनीवर किती तास सावली टाकायची, याला तिथे बहुतेक वस्त्यांमध्ये मर्यादा आहे.

तर त्या सभेत आम्ही तेवढ्याच फोमचे आणखी दोन संच नेले होते. एफएसआय तोच, म्हणजे फोम तेवढाच, फक्त कापलेला वेगळा. एकात दोन सडपातळ विंग होत्या, दक्षिणेची उंच आणि उत्तरेची सात मजल्यांची. दुसऱ्यात इमारत काटकोनात वळवून मधे अंगण ठेवलं होतं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका उठले, त्यांनी चष्मा सारखा केला आणि उंच विंग उचलून दोन बोटं पश्चिमेला सरकवली. “मॅडम, हा असा घेतला तर फणस वाचतो की.” वाचत होता. तोवर विकसकाच्या नकाशात फणस कुठे आहे हेच कुणाला दिसलं नव्हतं. त्यानंतर अर्धा तास माणसं ठोकळे हलवत होती, दिव्याकडे बघत होती, एकमेकांशी भांडत होती. पार्किंगचा पोडियम काढून ठेवला की जमीन किती मोकळी होते हे एका कॉलेजातल्या मुलीने सगळ्यांना दाखवलं, आणि लगेच एका गृहस्थांनी विचारलं, मग गाड्या कुठे लावायच्या? योग्य प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधायला पुढच्या दोन सभा गेल्या.

विकसकाच्या इंजिनिअरने प्रामाणिकपणे हरकत घेतली. दोन विंग म्हणजे दोन जिने, लिफ्टचे दोन संच, बाहेरची भिंत जास्त. खर्च वाढतो आणि प्रत्येक फ्लॅटमागे वीसेक चौरस फूट कमी पडतात. खरं होतं ते. पण दुसऱ्या बाजूला, जाड इमारतीत मधला कॉरिडॉर अंधारा, स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं डक्टवर उघडणारी, आणि निम्म्या घरांना एकाच बाजूने हवा. सडपातळ विंगमध्ये बहुतेक घरांना दोन बाजू मिळत होत्या. पहिल्यांदाच सभासदांपुढे खरा सौदा उघडा पडला होता: वीस चौरस फूट की समोरासमोरच्या खिडक्या? सोसायटीने शेवटी कमी-जास्त उंचीच्या दोन विंग घेतल्या. सगळे खूश झाले असं नाही. बुटक्या विंगमध्ये ज्यांचा नंबर लागला त्यातल्या काहींना वरचा मजला आणि टेकडीचं दृश्य हवं होतं, आणि ते अजूनही बोलून दाखवतात. त्यांचा राग मला समजतो. पण तो निर्णय त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या हातांनी झाला.

आकार चुकला तर काय होतं याचं मुंबईतलं उदाहरण गोवंडी-मानखुर्दमध्ये आहे. प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांसाठी तिथे नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहती उभ्या राहिल्या. सात-आठ मजली इमारती, आणि नटवर पारेखमध्ये दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर. पुनर्वसनाच्या सवलतीच्या नियमांत ते बसत होतं. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेला, २०१८ मध्ये समोर आलेला अभ्यास सांगतो की या दाट वसाहतींत, विशेषतः ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर, क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं, आणि जवळच्याच अधिक मोकळी जागा असलेल्या पीएमजीपी वसाहतीत ते कमी होतं. क्षयाला इतर कारणं असतात, गर्दी, कुपोषण, उपचार मधेच सुटणं. तरीही मला राहून राहून वाटतं, १:२०० या प्रमाणात ३ मीटर म्हणजे दीड सेंटिमीटर. दोन उभ्या ठोकळ्यांच्या मधे आपलं बोट कसंबसं शिरतं. मंजुरीच्या टेबलावर एकदा जरी हे मॉडेल ठेवलं असतं, तर त्या फटीत कुणाच्या तरी घराची एकमेव खिडकी उघडणार आहे हे सही करणाऱ्याला दिसलं असतं.

उंच बांधायचंच असेल तरी आकाराचा विचार आधी करता येतो, याचा पुरावा त्याच शहरात उभा आहे. चार्ल्स कोरिया यांची कंबाला हिलवरची कांचनजंगा, १९८३ मध्ये पूर्ण झालेली, २८ मजले, ८४ मीटर. मुंबईत समुद्राची झुळूक पश्चिमेकडून येते, दृश्यही तिकडेच. पण दुपारचं भाजणारं ऊन आणि पावसाचा मारा यांचीही दिशा तीच. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय काढला होता. कोरियांनी जवळजवळ एकवीस मीटर चौरस असा सरळ ठोकळा घेतला आणि त्याचे कोपरे दोन मजली उंचीच्या गच्च्यांनी आत कोरले. दुरून बघा, त्या इमारतीची ओळख तिच्या रंगाने किंवा काचेने होत नाही, कापलेल्या कोपऱ्यांनी होते. हवामानाचं उत्तर तिथे घनातच दिलेलं आहे. तिथली घरं श्रीमंतांची आहेत हे मान्य, पण ठोकळा कुठे कापायचा हा विचार करायला संगमरवर लागत नाही.

माझे तरुण सहकारी म्हणतात, मॅडम, हे सगळं कॉम्प्युटरवर होतं. होतं, आणि मी रोज वापरते. स्केचअप २००० सालापासून आहे. एक चौकोन काढायचा, माउसने वर ओढायचा, झाला ठोकळा. आता तर प्लॉट आणि नियम भरले की डझनभर पर्याय काही मिनिटांत मांडून देणारी सॉफ्टवेअरं आली आहेत. वर्षातल्या कुठल्याही तासाची सावली ती दिव्या-शिडीपेक्षा कितीतरी अचूक दाखवतात, आणि आकडे तिथूनच घ्यावेत. पण पडद्यावर चार मजली आणि चाळीस मजली इमारत सारख्याच आकाराची दिसते, कारण झूम असतो. टेबलावरच्या मॉडेलला झूम नसतो. शेजारचं बैठं घर दोन सेंटिमीटरचं आणि नवी इमारत साडेबावीस सेंटिमीटरची, हे तिथे लपवता येत नाही. शिवाय माउस एकाच्याच हातात असतो, आणि कुठून बघायचं हे तोच ठरवतो. बहुतेक वेळा तो विकसकाचा माणूस असतो.

मॉडेलही फसवू शकतं, पण वेगळ्या तऱ्हेने. टेबलाभोवती उभं राहून आपण ते वरून बघतो, आणि वरून सगळंच नेटकं दिसतं. म्हणून मी सभासदांना खुर्चीवर बसून, हनुवटी टेबलाला टेकवून बघायला लावते. या प्रमाणात माणूस आठ मिलिमीटरचा होतो. तेवढ्या उंचीची एक टाचणी बालवाडीच्या फाटकापाशी टोचायची आणि तिच्यामागून बघायचं, किंवा मोबाइल तिथे आडवा ठेवून फोटो काढायचा. पोडियमची दोन मजली कोरी भिंत रस्त्यावरून चालणाऱ्याला कशी दिसेल हे त्या फोटोत कळतं. वॉकथ्रूमध्ये कॅमेरा तिथे कधी जातच नाही.

आता नियमांबद्दल. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली शासनाने ४ जुलै २०१९ रोजी पुनर्विकासाची सुधारित कार्यपद्धती दिली. सल्लागार नेमणं, फीजिबिलिटी रिपोर्ट, विशेष सर्वसाधारण सभा, ५१ टक्के सभासदांची मान्यता, सगळं त्यात आहे, आणि त्यामुळे व्यवहार पुष्कळ पारदर्शक झाले. पण प्रत्यक्षात ते फीजिबिलिटी रिपोर्ट चौरस फुटांचे आणि रुपयांचे असतात. त्यात एक भर घालावी अशी माझी शासनाकडे मागणी आहे: त्याच एफएसआयचे किमान तीन वेगळे आकार, आजूबाजूच्या शंभर मीटरमधल्या सगळ्या इमारतींसह, मॉडेलच्या रूपात, आणि प्रत्येकाची २१ डिसेंबरची सावली. हे विकसकाची निवड होण्याआधी व्हायला हवं, नंतर नाही. निविदा भरताना विकसकाला माहीत असावं की सोसायटीने कुठला आकार पसंत केला आहे, म्हणजे आकडे त्या आकारासाठीच लिहिले जातील.

आणि शेजाऱ्यांचं काय? त्यांना या सभेत मत नाही. पालिका प्रत्येक प्लॉटचा नकाशा स्वतंत्र तपासते, अंतरं भरतात का ते बघते, आणि मुंबईत तर अंतर कमी पडलं तर प्रीमियम घेऊन सोडूनही देते. असे दहा प्लॉट एकामागून एक मंजूर झाले की एक अख्खी गल्ली तयार होते, जी कुणीच आखलेली नसते. प्रभात रोड, डहाणूकर कॉलनी, मुंबईत पार्ले, मुलुंड, इथे आज हेच चाललं आहे. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात त्या भागाचं १:५०० प्रमाणातलं साधं मॉडेल असायला काय हरकत आहे? नवा प्रस्ताव आला की त्याचा ठोकळा त्यात ठेवायचा, आठवडाभर नागरिकांना बघायला ठेवायचा. वास्तुकलेच्या महाविद्यालयांना हे काम दिलं तर मुलं आनंदाने करतील, शिकतीलही.

तोवर ज्यांची सभा पुढच्या महिन्यात आहे त्यांच्यासाठी. सल्लागाराच्या नेमणूक पत्रातच लिहून घ्या की तीन मॅसिंग मॉडेल, शेजारासह, पहिल्या सादरीकरणाला आणायची. फोमबोर्ड, पुठ्ठा आणि दोन विद्यार्थ्यांची काही दिवसांची मेहनत, यापलीकडे त्याला काही लागत नाही. सोसायटीच्या एका वॉटरप्रूफिंगच्या बिलापेक्षा तो खर्च कितीतरी कमी आहे. मॉडेलला रंग देऊ देऊ नका, झाडं चिकटवू देऊ नका, अस्तित्वात असलेली सोडून. सभेनंतर ते परत न्यायला देऊ नका, ऑफिसात किंवा जिन्याखाली महिनाभर उघडं ठेवा, म्हणजे जे सभेत बोलत नाहीत तेही येता-जाता बघतील. आणि कार्पेट एरियाचा विषय त्यानंतरच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या.